बरोबरचं बटण

यंत्र विकायचं नाही, हे आधीच सांगते. म्हणजे चहा घेताना तुमच्या मनात उगाच घालमेल नको. तुम्ही जुने कॅल्क्युलेटर जमवता, घरी काचेचं कपाट आहे, त्यात याच्यासाठी जागा राखून ठेवली आहे, हे तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हाच मी नाही म्हणाले होते. तरी आलात. आलात ते बरं केलंत. बघायला माझी ना नाही. चांगली वस्तू चार माणसांनी बघितली तर तिची शान वाढतेच.

नव्या बोगद्यातूनच आलात ना? कसा वाटला? त्याची दिशा मी धरली आहे. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणत आलो आणि मधोमध भेटलो, तेव्हा दोन तोंडांत जेमतेम बोटभर फरक निघाला. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात. मी करते. खोटी असली तर करू नये.

दिवा जरा पलीकडे सरकवा. भर उजेडात याचे आकडे दिसत नाहीत. आता बघा, चालू करते. निखाऱ्यासारखे लाल आहेत की नाही? एकेका आकड्यावर एकेक इवलंसं भिंग आहे, म्हणून वाचता येतात. बटण दाबून बघा. आजकालची बटणं चिखलात बोट घातल्यासारखी लागतात. याचं बटण टक् म्हणतं. ते टक् बोटाला कळतं, कानाला कळतं, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही कळतं. आमच्या घरात याच्या आवाजावरून भांडणं झाली आहेत.

आणि हे बघा, याला बरोबरचं बटण नाही. तुम्हाला ठाऊक असेलच, पण मला सांगायला आवडतं. बाकीच्या यंत्रांवर दोन अधिक दोन बरोबर, असं दाबायचं. इथे आधी दोन्ही आकडे द्यायचे, मग अधिक म्हणायचं, की उत्तर हजर. दिलेला आकडा एक मजला वर चढतो. एकूण मजले चार. खाली कोण, वर कोण, ते बघायचं असेल तर हे कोपऱ्यातलं बटण दाबत राहायचं. चारही मजले एकेक करून खिडकीत येऊन जातात. अवघड गणित असलं की आकडे क्षणभर थरथरतात, म्हणजे विचार चाललाय. भलतंच काही विचारलंत तर शून्य उघडझाप करत बसतं. बॅटरी संपत आली की सगळी टिंबं एकदम पेटतात. आणि बंद केलं की सगळं विसरतं. पुन्हा चालू केलं की कोरं करकरीत शून्य. हे शेवटचं लक्षात ठेवा.

वरचा हा छोटा स्विच कोन मोजायच्या पद्धतीचा. तीन खुणा आहेत. पहिली अंशांची, तिच्यात काटकोन नव्वदाचा, शाळेत शिकवतात तो. मधली ग्रॅडची. तिच्यात काटकोन शंभराचा धरतात. काही जुन्या दुर्बिणींवर तशी मापं कोरलेली असायची. तिसरी खूण कॉलेजातल्या गणितवाल्यांची. आमच्या धंद्यात तिला कोणी विचारत नाही. आत्ता स्विच मधल्या खुणेवर आहे, बघितलंत? तिथेच असतो. का असतो, ते सांगते. बसा नीट.

हे यंत्र माझ्या आत्याचं. तीसुद्धा बोगद्यांची दिशा धरायची. बाईमाणसाने बोगद्यात पाऊल ठेवलं तर डोंगर कोसळतो, असं मानणारी माणसं त्या काळी ढिगाने होती. आत्या शिरली. डोंगर जागचा हलला नाही. "डोंगराला कोणी विचारलं होतं का?" असं ती मिश्कीलपणे म्हणायची. तिच्या पहिल्याच कामावर तिच्या साहेबाने तिला हे यंत्र दिलं, आणि ते तिच्या कमरेला चामड्याच्या पाकिटात शेवटपर्यंत लटकत राहिलं. दिवसभर बटणं दाबून तिची मनगटं दुखायची, म्हणून ती डोकेदुखीचा बाम मनगटांना चोळायची. ती खोलीत येण्याआधी तिचा वास यायचा, गरम प्लॅस्टिक, चामडं आणि बाम.

घरात तिला सगळे बिनचूक म्हणायचे, कौतुकाने कमी आणि वैतागून जास्त. कारण ती कशालाही बरोबर म्हणायची नाही. आई विचारायची, "वन्सं, मीठ बरोबर पडलंय का?" त्यावर आत्या घास नीट चावून सांगायची, "अजून चूक सापडलेली नाही." मी परीक्षेत पहिली आले तरी तेच. माझा भाऊ म्हणायचा की आत्याच्या यंत्राला बरोबरचं बटण नाही, कारण आत्यालाच ते बसवायचं राहून गेलंय.

लहानपणी मी या यंत्रावर गणितं करायची तेव्हा ती मागे उभी राहून खांद्यावरून बघायची. आमचा एक नियम होता. आत्या मागे उभी असताना मान वळवायची नाही. गणित पुढे असतं, मागे नसतं, असं तिचं म्हणणं. उत्तर आलं की ती हात पुढे करून चारही मजले बघून घ्यायची. टक्, टक्, टक्, टक्. घराबाहेर पडताना सगळ्या खोल्यांतून नजर फिरवावी, तसं.

ती गेली ती तिच्या अंथरुणात, म्हातारी होऊन, सुखाने. जायच्या आधी यंत्र माझ्या हातात दिलं. तोवर मीही चार बोगदे काढले होते. मी विचारलं, "आत्या, तू माझं सगळं काम बघितलंस. बरोबर असतं ना?" मला तो एक शब्द हवा होता. बाकी लोकांनी हार घातले होते, फोटो काढले होते, त्याचं मला काही नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, "अजून चूक सापडलेली नाही." त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

आता मूळ गोष्ट. या बोगद्याचं काम अर्ध्यावर आलं असताना मी यंत्र घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले होते. तक्रार किरकोळ होती. स्विच सरकत होता. मी अंशांवर ठेवून पाकिटात घालायची, बोगद्यात काढायची तर मधल्या खुणेवर. घरी काढलं तर जिथल्या तिथे. फक्त बोगद्यात. मला वाटलं जुना माल, ढिला झाला असेल.

दुरुस्तीवाला बारा गावचं पाणी प्यायलेला. त्याने यंत्र उघडलं, भिंगातून बघितलं, स्विच नखाने ढकलला. नख वाकलं, स्विच हलेना.

"ताई, हा ढिला आहे म्हणता?"

"सरकतो हो. रोज."

"हा सरकवायला माणूस लागेल," तो म्हणाला. त्याने चिमट्याने स्विच अंशांवर आणला आणि झाकण लावलं. "यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तुमच्या पाकिटात कोणी हात घालतं का ते बघा."

मला राग आला. माझ्या वस्तूंना हात लावायची कोणाची छाती नव्हती. मी तिथून थेट कामावर गेले. भर दुपार होती, बाहेर डोळे दिपवणारं ऊन.

बोगद्यात दुपार नसते, हे तुम्हाला सांगायला हवं. तोंडापासून थोडं आत गेलं की उजेड मागे राहतो, मग वारा मागे राहतो, मग माणसांचे आवाज. त्या दिवशी हवेचा मोठा पंखासुद्धा बंद होता, हवा आत नेणारा नळ पुढे वाढवायचं काम चाललं होतं म्हणून. ओल्या दगडाचा आणि आदल्या सुरुंगाच्या धुराचा वास कोंडून राहिला होता. शेवटी, खडकाच्या तोंडाशी, आमचा मुकादम एकटाच दिव्याच्या उजेडात भोकं तपासत होता. बाकीची माणसं दारू आणायला बाहेर गेली होती, म्हणजे सुरुंगाची दारू. ती आली की भोकं भरायची, सगळ्यांनी बाहेर जायचं आणि खडक उडवायचा. त्याआधी दिशेची शेवटची तपासणी माझी. मी हो म्हटल्याशिवाय सुरुंग पेटायचा नाही.

एकच धोका होता. आमच्या डाव्या हाताला डोंगराच्या पोटात पाण्याचं एक जुनं भुयार होतं. ते माझ्या आत्याचं पहिलं काम. काम संपलं, भुयार बंद केलं, तोंडाला भिंत घातली, आणि आत वर्षानुवर्षं पाणी साठत राहिलं. त्याचे कागद कधीच नाहीसे झाले होते. उरला होता तो तोंडावरचा दगड. त्यावर आत्याने भुयाराची लांबी आणि दिशा कोरून घेतली होती. दिशा बासष्ट. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि ही तर खरोखरच दगडावर होती. ऑफिसात डोंगराचं चित्र संगणकावर फिरवणारा जो होता, त्याला आम्ही थ्रीडी म्हणायचो. त्याने तो बासष्ट चित्रात घातला, आणि त्या दिवशीच्या सुरुंगापासून भुयार चाळीस मीटर लांब राहतं असं दाखवलं. चाळीस म्हणजे निर्धास्त.

तरी मी दर वेळी हातानेही काढायची. विश्वास नव्हता असं नाही. आत्याचा आकडा आत्याच्या यंत्रावर घालताना मला बरं वाटायचं.

भिंतीत एक कोनाडा ठेवला होता, वाहन आलं तर अंग चोरून उभं राहायला. मी त्यात पेटीवर बसले. पाकिटातून यंत्र काढलं. दुरुस्तीवाल्याने चिमट्याने बसवलेला स्विच मधल्या खुणेवर होता.

मी नखाने सरकवून बघितला. हलला नाही. पेनाचं टोक लावून, सगळा जोर देऊन अंशांवर आणला. गणित घातलं. आकडे थरथरले, उत्तर आलं, चाळीस. ठीक. मी यंत्र बंद करून मांडीवर ठेवलं आणि डब्यातलं पाणी प्यायले.

कुठेतरी थेंब पडत होता. बोगद्यात थेंब पडतातच. पण हे थेंब चार पडायचे आणि थांबायचे. टक्, टक्, टक्, टक्. मग काही नाही. मग पुन्हा चार. मी हसले. आपलेच कान आपल्याला काय काय ऐकवतात, असं मनात म्हटलं. आणि तेवढ्यात धुराच्या वासातून दुसरा एक वास आला. गरम प्लॅस्टिकचा… आणि बामचा.

मांडीवर उजेड पडला. लाल.

यंत्र चालू होतं. मी चालू केलं नव्हतं. खिडकीत शून्य असायला हवं होतं, पण तिथे होतं शंभर.

मी बंद केलं. थोडं थांबून चालू केलं. शंभर. मी तुम्हाला सांगितलं ना, बंद केलं की ते सगळं विसरतं. त्याला आठवणच ठेवता येत नाही, तसं बनवलेलंच नाही. मी कोपऱ्यातलं बटण दाबलं. वरच्या मजल्यावर शंभर. त्याच्या वर शंभर. सगळ्यात वर शंभर. चारही खोल्यांत एकच जण बसून माझ्याकडे बघतंय असं वाटलं.

मागे दगड होता, कोनाडा हातभर खोल, तिथे कोणाला उभं राहायला जागा नव्हती. तरी माझ्या उजव्या खांद्यावर कोणीतरी श्वास सोडत होतं. थंड नव्हता तो श्वास. घरातल्या माणसाचा असतो तसाच होता.

मी मान वळवली नाही. भीतीने म्हणाल तर हो, भ्यायलेच होते. पण त्याहून जुनी सवय होती ती. गणित पुढे असतं.

"शंभर कशाचे?" मी हळूच विचारलं. "शंभर… काय?"

आकडे थरथरले. काही दाबलेलं नसताना थरथरले. आणि मला माझाच लहानपणचा आवाज आठवला. आत्याने विचारलं होतं, काटकोन किती? मी म्हटलं, नव्वद. ती म्हणाली, "माझ्या पहिल्या कामावर शंभराचा होता. तिथली दुर्बीणच तशी होती." मला वाटलं होतं, चेष्टा करतेय. नंतरची सगळी कामं तिने अंशांतच केली, मीही अंशांतच शिकले, आणि ती गोष्ट घरात पुन्हा कधी निघाली नाही.

पहिलं काम. हे भुयार. दगडावर बासष्ट कोरलं होतं, पण बासष्ट काय, ते कोरलंच नव्हतं. तिथे सगळेच शंभराच्या काटकोनाने मोजायचे, मग कशाला लिहायचं? आणि आम्ही सगळ्या शहाण्यांनी ते अंश धरले.

मी खाली बघितलं. स्विच मधल्या खुणेवर होता. यावेळी मी तो हलवला नाही. गणित पुन्हा घातलं, एकेक आकडा देत. माझी बोटं बटणं दाबत होती, आणि दर बटणाचं टक् दोनदा ऐकू येत होतं… एक माझं, आणि एक किंचित मागून.

उत्तर आलं, आठ.

आठ मीटर. त्या सुरुंगाने मधला खडक खिळखिळा झाला असता, आणि वर्षानुवर्षांचं साठलेलं पाणी आमच्या अंगावर आलं असतं. ते आकडे बघताना, खरं सांगते, माझी भीती पार गेली. छाती भरून आली. मी उठले आणि खडकाच्या तोंडाकडे, मुकादमाकडे धावले.

"थांबवा. दारू आत आणू नका."

मुकादमाने दिवा माझ्या चेहऱ्यावर धरला, मग माझ्या मागे धरला, मग खाली केला. "काय झालं, बाई?"

"डावीकडे लांब भोक पाडायचं. बारीक. आठ मीटरपर्यंत."

बाहेर येऊन मी थ्रीडीला फोन लावला. मुकादम शेजारी उभा राहून ऐकत होता. थ्रीडी म्हणाला, "मॅडम, जुन्या डबड्याच्या भरवशावर काम थांबवताय?" मी म्हटलं, "डबडं तुझ्या जन्माच्या आधीपासून बोगदे काढतंय. माझ्या आत्याचा काटकोन शंभराचा होता. चित्रातला बासष्ट काढून पुन्हा घाल." मोठ्या साहेबांचा फोन आला. काम एक दिवस थांबलं तर कोणाकोणाला उत्तर द्यावं लागेल ते त्यांनी ऐकवलं, आणि मी थकले असेन, थोडे दिवस घरी बसावं, असंही सुचवलं. मी म्हटलं, भोक कोरडं निघालं तर जन्मभर घरी बसेन.

माणसं ड्रिल लावून भोक पाडू लागली. मी शेजारी उभी होते. पोलादी सळई खडकात जात होती आणि पांढरी भुकटी बाहेर येत होती. बराच वेळ नुसती भुकटीच येत राहिली. मग ती काळपट झाली. मग सळईचा आवाज बदलला, पोकळ आणि ओला. आणि भोकातून पाणी आलं, काळं, गार, अंगठ्याएवढ्या धारेचं, इतक्या जोराने की समोरच्या भिंतीवर जाऊन फुटलं. एकाने डोक्यावरची टोपी काढली.

भोक बुजवून आम्ही बाहेर आलो, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोठ्या साहेबांनी फोनवर दोन वेळा माफी मागितली. मी एका वेळेची स्वीकारली. मुकादम दगडावर बसून फडक्याने हात पुसत होता. हा माणूस माझ्याबरोबर तीन बोगद्यांवर होता. उगाच बोलणारा नव्हता.

तो म्हणाला, "बाई, आज त्या बरोबर होत्या म्हणून वाचलो."

माझा ऊर भरून आला. जो शब्द आत्याने मला कधी दिला नाही, तो कोणीतरी तिला दिला होता. मी म्हटलं, "ती नेहमीच बरोबर असायची."

मुकादमाने हात पुसायचं थांबवलं.

"नेहमी?" तो म्हणाला. "मला तर आज पहिल्यांदाच दिसल्या."

माझा हात आपोआप यंत्राच्या पाकिटावर गेला.

"कोनाड्यात तुमच्या मागे उभ्या होत्या त्या," तो म्हणाला. "ठेंगण्या. अंगावर जुना मोठा कोट. मनगट चोळत होत्या. तुम्ही यंत्र बघत होता आणि त्या तुमच्या खांद्यावरून… मला वाटलं हेड ऑफिसातून कोणी तपासायला आलंय. म्हणून मी हाक मारली नाही."

"मग?"

"मग तुम्ही उठून माझ्याकडे आलात. त्याही निघाल्या, तुमच्याबरोबर. मी मागे दिवा धरला तर…" तो थांबला. "बाहेर गेल्या नाहीत त्या. बाहेर जायची वाट एकच. तिथे माणसं होती. त्यांना कोणी दिसलं नाही."

"म्हणजे आत आहे ती?"

मुकादम बोगद्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "ते तुम्हाला माहीत."

मी रडले त्या दिवशी, कबूल करते. पण दुःखाने नाही. बिनचूक बाईने जन्मात एक चूक केली होती. आकडा कोरला, त्याच्या पुढचा शब्द कोरला नाही. आणि ती दुरुस्त करायला ती स्वतः आली. चुका सगळेच करतात हो. मेल्यानंतर परत येऊन दुरुस्त करणारं एक तरी माणूस तुमच्या पाहण्यात आहे का? म्हणून मी हे यंत्र विकत नाही. तुमच्या कपाटात ते शोभून दिसेल, पण कपाटात बसायची त्याची लायकी नाही, त्याहून मोठी आहे.

पुढे मी भुयाराच्या दगडावर बासष्टपुढे 'ग्रॅड' असं कोरून घेतलं, समोर उभी राहून. भुयारातलं पाणी उपसलं, आमचा बोगदा थोडा उजवीकडे वळवून पुढे काढला. पूर्ण झाला, रस्ता सुरू झाला, आता रोज शेकडो गाड्या जातात. स्विच मी मधल्या खुणेवरच ठेवते, आत्याची आठवण म्हणून. तो पुन्हा कधी हलला नाही. काम झालं, गेली असेल, असं मी धरून चालले आहे.

काय झालं? असं काय बघताय?

तुम्ही हलवलात का? नाही, तुमचे दोन्ही हात कपाला आहेत. मघाशी मधल्या खुणेवर होता, तुम्ही स्वतः बघितलंत. आता तिसऱ्या खुणेवर आहे. आमच्या धंद्यात ती खूण कोणी वापरत नाही. आत्याने तर स्विच तिथे कधी नेलाच नाही. बासष्टचं काम संपलं, तिच्या नावावर आता काही उरलेलं नाही. त्या डोंगरात आता जे काही आहे ते सगळं माझं आहे. दिशा माझी, वळण माझं.

तुम्हाला कसला वास येतोय का? बामचा… नाही, मी लावत नाही.

मागे बघू नका. आमच्या घरचा नियम आहे तो, पाहुण्यांनाही लागू आहे.

माझं ऐका. जाताना बोगद्यातून जाऊ नका. डोंगराला वळसा घालून जुन्या घाटाने जा. उशीर होईल, पण तिकडूनच जा. आणि तो फोन जरा इकडे द्या. दोन्ही तोंडं बंद करायला सांगते आणि मी आत जाते. मला वेडी म्हणतील, तेव्हाही म्हणाले होते. काय बिघडलंय म्हणून विचारतील. खरं तेच सांगेन, अजून चूक सापडलेली नाही.